फरशीनं ऐकलेला ठोका

बॅगेची चेन लागेना म्हणून बसवराज हत्तुरे त्या बॅगेवरच जाऊन बसले. शैलजाला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं ते रडू.

"अहो, उठा. चेन लागली तरी वजन थोडंच कमी होणार आहे?"

"मग चटणीचा डबा काढ."

"चटणी काढू? नागपूरचे व्याही काय म्हणतील, सोलापुराहून आले आणि शेंगाची चटणी नाही आणली?"

घरात लग्न होतं, तेही एकुलत्या एका मुलीचं. उद्या सकाळी नागपुरात संयुक्ताच्या डोक्यावर अक्षता पडायच्या होत्या आणि आज संध्याकाळी तिथंच हळद लागायची होती. पाहुणेरावळे, मानपानाच्या साड्या, मुलाकडच्यांना द्यायच्या चादरी, सगळं परवाच रेल्वेनं पुढं गेलं होतं. मागं राहिले ते हे तिघं, कारण संयुक्ताची एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा नेमकी काल होती. चौथ्या होत्या सुमंगलाताई. त्या नवऱ्या मुलाची, प्रज्वलची, सख्खी आत्या. सोलापुरातच राहायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून निवृत्त झाला नव्हता. हे लग्न त्यांनीच जुळवलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना रेल्वे नको होती, म्हणून चौघांचं विमानाचं तिकीट एकत्र काढलं होतं.

तिकीट एकत्र म्हणजे भारही एकत्र. सोलापूर–नागपूर विमान विजेवर चालायचं. जुन्या विमानांतलं इंधन वाटेत जळायचं, तसं विमान हलकं होत जायचं. बॅटरीचं तसं नसतं. ती भरलेली असो वा रिकामी, वजन तेवढंच. त्यामुळे नऊ माणसांच्या त्या विमानात किलोकिलोचा हिशेब लागायचा. माणूस, त्याचे कपडे, त्याची बॅग, हातातली पर्स, सगळं मिळून एक आकडा धरायचे. आकडा ओलांडला की जादा आकार, आणि फारच ओलांडला तर सामान मागं. शैलजानं या धास्तीनं पंधरवडाभर एकवेळच जेवण घेतलं होतं. बसवराजांनी मात्र तेवढ्या जागेत कडक भाकरीचं एक पुडकं वाढवलं होतं.

"आई-बाबा, चला ना," संयुक्ता दारातून म्हणाली. बॅग उचलून ती जिना उतरली आणि खाली पोचल्यावर भिंतीला हात लावून क्षणभर थांबली. शैलजानं ते पाहिलं. नवरीची रात्र जागून गेली असणार, एवढंच तिच्या मनात आलं.

विमानतळावर सुमंगलाताई आधीच येऊन बसल्या होत्या.

"या विहीणबाई. मी मुद्दाम सुती साडी नेसलेय हं. तुमच्या वाट्याचा भार खायला नको."

गेटकडे जायचा रस्ता एका राखाडी फरशीवरून जात होता. दहा-बारा पावलं चालायचं, मग पिवळ्या वर्तुळात थोडा वेळ स्तब्ध उभं राहायचं. फरशीखाली वजनाच्या पट्ट्या होत्या, अगदी ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या. सुरुवातीला त्या बसवल्या फक्त भारासाठी. पण इंजिनिअरांना एका गोष्टीनं हैराण केलं. माणूस कितीही निश्चल उभा राहिला तरी आकडा स्थिर होईना, सारखा किंचित थरथरत राही. कारण साधं होतं. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त वर फेकतं, आणि वर फेकलेल्या रक्तामुळे अंग खाली दाबलं जातं, बंदुकीचा दस्ता खांद्याला मागं बसावा तसं. हा धक्का अगदी नाममात्र असतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण फरशीला जाणवत होता.

पहिली काही वर्षं ही थरथर त्रास म्हणून गाळून टाकली जायची. मग कुणीतरी ती साठवली, आणि विमानात छातीत दुखलेल्या, घेरी आलेल्या प्रवाशांच्या थरथरीशी ताडून पाहिली. निरोगी हृदयाचा धक्का एका चालीचा असतो, तर दुखऱ्या हृदयाचा थोडा अडखळता किंवा विस्कटलेला. लाखो प्रवाशांवरून यंत्र ती चाल ओळखायला शिकलं. विमा कंपन्यांनी मग ते सक्तीचंच केलं. सोलापूरला ही फरशी याच वर्षी आली होती.

"ही फरशी म्हणजे भलतंच प्रकरण आहे," सुमंगलाताई रांगेत उभ्या उभ्या म्हणाल्या. "माझ्या चुलतदिराच्या मुलीचं जमलेलं मोडलं ना. पुण्याच्या विमानतळावर तिला बाजूला घेतलं, एवढंच. काय झालं, काय नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. मुलाकडचे म्हणाले, विमानानं नाकारलेली मुलगी आम्हाला नको."

शैलजानं पदर सावरला. चौघंही एकेक करून त्या वर्तुळात उभे राहिले. हिरवा दिवा चारही वेळा लागला. भार जेमतेम बसला होता. बसवराजांनी हुश्श केलं आणि चहा आणायला निघाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिकीट त्यांच्या नावावर होतं, म्हणून निरोप त्यांना आला.

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मोठ्यानं वाचायला नको होता, हे त्यांना वाचून झाल्यावर कळलं.

"आपल्या गटातील एका प्रवाशासाठी विमानात वैद्यकीय सोबती आवश्यक आहे. कृपया चौकशीच्या खिडकीशी यावे."

खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिच्या छातीवर मेहजबीन असं नाव होतं.

"कोण?" शैलजानं विचारलं.

"ते मला माहीत नाही, काकू. यंत्र मला फक्त गट सांगतं, माणूस सांगत नाही. तसा कायदाच आहे. ज्याचं त्याला, आत खोलीत, डॉक्टर एकट्याला सांगतात. बाहेर येऊन सांगायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

"आणि ही सोबती म्हणजे?"

"नर्स. साध्या कपड्यांत बसते, कुणाला कळत नाही. ती आणि तिची पेटी मिळून एका भरभक्कम माणसाचं वजन होतं. आज विमान अगदी काठोकाठ भरलंय. तुमच्यातलं कुणी मागं राहिलं तरच तिला घेता येईल."

"आणि कुणीच नाही राहिलं तर?" बसवराजांनी विचारलं.

मेहजबीननं मान खाली घातली. "मग ज्यांना गरज आहे, त्यांना गेट उघडणार नाही."

म्हणजे सगळ्यांसमोर. शैलजानं सुमंगलाताईंकडे पाहिलं. त्या आधीच खोलीकडे निघाल्या होत्या.

त्या लगेच बाहेर आल्या. "मला काही नाही. साखर आहे, ती आहेच."

बसवराज गेले आणि अवाक होऊन परतले. "मी नाही! मी तर धरूनच चाललो होतो की मीच असणार. डॉक्टर म्हणाले, गडी ठणठणीत आहे."

मग शैलजा गेली. लहानशी खोली, एक खुर्ची, समोर पडद्यावर पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. "तुमचं सगळं व्यवस्थित आहे," त्या हसून म्हणाल्या. सुटल्यासारखं वाटलं, पण ते एका श्वासापुरतंच. दुसरा श्वास घेता घेता तिला उरलेलं नाव कळलं, आणि खुर्चीच्या हातांवरची बोटं सुटेनात.

बाहेर सुमंगलाताईंनी भुवई उंचावून विचारलं, "तुमचं?"

"सांगते," एवढं म्हणून ती बसली. संयुक्ता तिच्यासमोरून आत गेली. तिला बराच वेळ लागला. काचेबाहेर पांढरं, बुटकं विमान उन्हात उभं होतं. एक माणूस त्याच्या पोटात बॅगा भरत होता. शैलजाला तो माणूस दिसत होता, बॅगा दिसत होत्या, आणि काहीच दिसत नव्हतं.

संयुक्ता आली. "काही नाही," ती म्हणाली आणि विमानाकडे पाहत राहिली. तिनं खालचा ओठ आत ओढून घेतला होता. लहानपणी पडली की न रडण्यासाठी ती असंच करायची.

सुमंगलाताईंची नजर सगळ्यांवरून फिरली. "मी नाही, हे नाहीत, ही नाही..."

"मी आहे," शैलजा म्हणाली.

शब्द बाहेर पडले आणि मगच तिला कळलं की आपण बोललो. बसवराजांच्या चेहऱ्यावरचा ठणठणीतपणा जागच्या जागी विरघळला. त्यांनी तिचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तिचा हात आजवर कधी धरला नव्हता. "शैला, अगं... कधीपासून? मला बोलली नाहीस."

"काही मोठं नाही हो. मी राहते मागं. तुम्ही तिघं जा."

"मुलीच्या हळदीला आई नाही?" सुमंगलाताई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि हे तुमचं... आईकडून मुलीकडे तर येत नाही ना?"

हे शैलजाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "नाही नाही. वयामुळे आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई." एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागला, आणि तो टेकूही हलतोय असं तिला वाटलं. ती उठून खिडकीकडे चालू लागली. मागून पावलं आली.

"आई, थांब." संयुक्तानं तिला खांबाआड नेलं. "तुला आत काय सांगितलं?"

"तुला काय सांगितलं?"

"हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनच भोक असावं," संयुक्ता हळू बोलली. "असावं, असं म्हणाल्या. फरशी नक्की सांगू शकत नाही, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायला हवा. आज लगेच काही होईल असं नाही. सोबती असेल तर जायला हरकत नाही, पण आठवड्याच्या आत दाखवाच. बहुतेकदा छाती न उघडता ते बुजवता येतं म्हणे."

शैलजानं त्यातला 'बहुतेकदा' तेवढा घट्ट धरला. "मग झालं तर! सोबती असेलच विमानात. लग्न होऊ दे, मग सावकाश दाखवू."

"आणि प्रज्वलला?"

"नंतर सांग."

"नंतर म्हणजे कधी? गळ्यात मंगळसूत्र पडल्यावर?"

"अगं, ऐकलंस ना त्या चुलतदिराच्या मुलीचं? आत्याच सांगत होत्या, स्वतःच्या तोंडानं. एकदा नाव पडलं की..."

"म्हणून मी त्याला फसवायचं?"

"याला फसवणं म्हणतात का?"

"मग काय म्हणतात, आई?"

शैलजाला एवढंच सांगायचं होतं की, तू पाच वर्षांची असताना तापात होतीस तेव्हाही, हिचं दुखणं मला दे, असं मी देवाला सांगत होते, आणि तेव्हा तू आड आली नव्हतीस. पण ती काही बोलायच्या आत संयुक्ता वळली होती. सरळ सुमंगलाताईंपुढे जाऊन उभी राहिली होती.

"आत्या, आईला काही नाही. मला आहे."

आणि तिनं सगळं सांगितलं. बसवराज मटकन खाली बसले. शैलजा खांबाला टेकून उभीच राहिली. आता या बाई उठतील, फोन काढतील, चार शब्द बोलतील आणि संपलं, असं तिच्या मनात आलं. मांडवात बसलेली दोन्हीकडची माणसं तिला दिसू लागली.

सुमंगलाताईंनी फोन काढला नाही. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "बस इथं. धाप लागते?"

"जिना चढताना. मला वाटायचं, सगळ्यांनाच लागते."

"हं." मग मान न वळवता म्हणाल्या, "शैलजाताई, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"मुलीसाठी बोललात, ते मला कळतं. मला मूल नाही, पण तेवढं कळतं. तरी बरं, हिनं तुम्हाला अडवलं. उद्या हे उघड झालं असतं तर प्रज्वल आधी माझ्याकडे आला असता. 'आत्या, तुला माहीत होतं का?' आणि मी काय सांगितलं असतं त्याला?"

"ताई, पाया पडते तुमच्या..."

"पाया नका पडू. ऐका. मागं मी राहते."

त्यांनी पर्स मांडीवरून उचलून काखेला लावली.

"तुमच्या वजनात ती नर्स बसणार नाही. तुम्ही राहिलात तर बॅगाही काढाव्या लागतील. माझ्या एकटीच्या जागेत ती, तिची पेटी आणि वर तुमचा चटणीचा डबा, सगळं आरामात बसतं." त्या हसल्या नाहीत, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. "दुसरं म्हणजे, मी इथून घरी फोन लावणार आहे. तुम्ही उतरायच्या आत माझ्या वहिनीला आणि भावाला सगळं कळलेलं असेल. जसंच्या तसं."

"आम्ही पोचेपर्यंत तरी थांबा," शैलजा काकुळतीला आली. "समोरासमोर बसून बोलू."

"समोरासमोर माणूस तोंडदेखलं बोलतं, ताई. त्यांना जरा एकटं राहू दे, भांडू दे, रडू दे. नकोच असेल तर विमानतळावर कुणी येणार नाही, तुम्ही तिथूनच माघारी फिरा. भरल्या मांडवातून उठण्यापेक्षा ते बरं."

"प्रज्वलला मी सांगते," संयुक्ता म्हणाली. तिनं तिथंच फोन लावला. तो वाजत राहिला. मांडवाच्या गडबडीत असणार. पुन्हा लावला. गेटवर नावं पुकारायला लागले. शेवटी तिनं आवाजी निरोप ठेवला, थोडक्यात, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाली, "तू काहीही ठरवलंस तरी मी समजून घेईन, असं मी म्हणणार नाही. मला वाईट वाटेल. पण तुला माहीत असायला हवं."

सुमंगलाताई गेटपर्यंत आल्या. काचेपलीकडून त्यांनी हात हलवला नाही. फोन कानाला लावून त्या पाठमोऱ्या झाल्या.

विमान आवाज न करता वर गेलं. खाली तलावाचं पाणी चकाकून मागं पडलं. पलीकडच्या आसनावर निळ्या कुडत्यातली एक बाई डोळे मिटून बसली होती. सोबती तीच, की मागची चष्मेवाली? शैलजाला कळेना. संयुक्ता खिडकीला डोकं टेकून होती. तिच्या ओढणीची किनार श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि शैलजाची नजर त्या किनारीवरून हलत नव्हती. किनार जरा रेंगाळली की तिचाही श्वास अडकायचा.

"तू मलाही खोटं सांगितलंस," बसवराज शेजारून पुटपुटले. "तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळं घर विकून तुला मुंबईला नेऊन आलो."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणू नकोस. मी काय केलं असतं? मी नुसता निरोप मोठ्यानं वाचला." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "गाडीनं निघालो असतो तर काही कळलंच नसतं गं."

शैलजालाही क्षणभर तसंच वाटलं होतं. कळलंच नसतं तर आज संध्याकाळी हळद लागली असती. आणि मग कधीतरी, पहिल्या बाळंतपणात, कुठल्या तरी रात्री... तिनं तो विचार पुढं जाऊ दिला नाही. ज्या फरशीला ती सकाळपासून शिव्या घालत होती, तिचे आभार मानायचे की काय, तेही तिला ठरवता येईना.

नागपूरला उतरताच तिघांनीही फोन चालू केले. कुणालाच काही आलं नव्हतं. सुमंगलाताईंचा फोन लागत नव्हता. प्रज्वलचा बंद होता.

सामान आलं. दाराबाहेर कडक ऊन आणि माणसांची गर्दी. हार घेतलेली माणसं, पाट्या धरलेले ड्रायव्हर. शैलजानं एकेक चेहरा पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. हळूहळू गर्दी पांगली आणि दारात फक्त ऊन उरलं.

"परतीचं विमान कधी आहे?" संयुक्तानं शांतपणे विचारलं. बसवराज फोनमध्ये शोधू लागले.

तेवढ्यात गाड्यांच्या रांगेमधून एक बाई लगबगीनं येताना दिसली. प्रज्वलची आई, महानंदा. एकटीच. पायांत घरातल्या चपला, केसांना तेल, कपाळावर घाम. नकार सांगायला बाईमाणसालाच पुढं करतात, हे शैलजानं आयुष्यभर पाहिलं होतं.

"प्रज्वल?" तिनं कसंबसं विचारलं.

"दवाखान्यात आहे."

"काय झालं त्याला?"

"त्याला काय होतंय! नंबर लावून बसलाय. इकोचा." महानंदाबाईंना बोलता बोलता धाप लागत होती. "डॉक्टर संध्याकाळी गावाला जाणार आहेत म्हणे. हा उठला तर नंबर जाईल, म्हणून मला पाठवलं. तिथं आत फोन बंद करायला लावतात. आणि मी ही अशी आले, रस्ता चुकत चुकत."

संयुक्ता नमस्काराला वाकू लागली, तर त्यांनी तिचा दंड धरला. "वाकू नकोस तू."

"आणि हळद?" बसवराजांनी विचारलं. कशासाठी विचारलं, कुणास ठाऊक.

महानंदाबाईंनी शैलजाकडे पाहिलं. "खरं ते सांगते, विहीणबाई. प्रज्वलचे वडील रुसून आतल्या खोलीत बसलेत. नणंदेशी फोनवर पुष्कळ भांडले. लग्न उद्या होईल, पुढं ढकलावं लागेल, की काय होईल, मलाही माहीत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते आधी कळू दे. चला, गाडी तिकडं लावलीय."

गेल्या काही तासांत शैलजाला कुणीच 'सगळं नीट होईल' असं सांगितलं नव्हतं, आणि या बाईनंही सांगितलं नाही. तरी तिला पहिल्यांदाच नीट उभं राहता आलं.

तिनं मोठी बॅग उचलली. महानंदाबाईंनी तिचा दुसरा बंद धरला. बसवराजांनी उरलेलं काखोटीला मारलं. गाडी बरीच लांब, उन्हात होती आणि दवाखान्याला उशीर होत होता. तरीही कुणीच घाई केली नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिघंही संयुक्ताच्या चालीनं चालत होते.